रेडिओ बोलतोय, पण कुणाच्या गावचं?

"ताई, आकाशवाणी बंद होणार म्हणे, खरं का?" दर दोन-चार वर्षांनी ही आवई उठते आणि बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. तर मैत्रिणींनो, तसं बंद काही होत नाही. केंद्राला कुलूप लागत नाही, दारावरची पाटी उतरत नाही, बटण फिरवलं की आवाजही येतो. फक्त तो आवाज हळूहळू आपल्या जिल्ह्यातला राहत नाही. आधी सकाळचा एक तास जातो, मग दुपारचा. त्या वेळेत मुंबईचा नाहीतर दिल्लीचा कार्यक्रम लावून दिला जातो. कुलूप लागलं असतं तर निदान मोर्चा तरी निघाला असता!

पुण्याचंच उदाहरण घ्या. पुणे केंद्र १९५३ सालचं. तिथून येणाऱ्या सकाळच्या प्रादेशिक बातम्या म्हणजे आपल्या पिढीचं घड्याळच होतं. सात वाजून पाच मिनिटांनी सुधा नरवणे यांचा आवाज आला की पोळ्या तव्यावर आणि डबे ओट्यावर हवेत, हा हिशेब कित्येक घरांत होता. जून २०२३ मध्ये प्रसार भारतीने हा पुण्याचा वृत्तविभाग बंद करून त्याचं काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरवलं. कारण काय, तर विभाग सांभाळायला पूर्णवेळ अधिकारी नाही. अधिकारी नाही म्हणून अधिकारी नेमायचा, की विभागच बंद करायचा? घरात स्वयंपाकाला कुणी नाही म्हणून आपण चूलच शेजारी नेऊन देतो का?

ओरड झाली, सर्व पक्षांचे लोक बोलले, आणि त्या वेळचे माहिती व प्रसारण मंत्री अनुराग ठाकूर यांनी काही दिवसांतच निर्णयाला स्थगिती दिली. सगळ्यांनी हुश्श केलं. पण स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे आपल्याला रेशन दुकानापासून पाणीयोजनेपर्यंत चांगलं ठाऊक आहे. ज्यांची रोजीरोटी हंगामी कामावर आहे, अशा वृत्तनिवेदकांना आणि संपादनात मदत करणाऱ्यांना ती स्थगिती म्हणजे डोक्यावरची टांगती तलवारच.

गंमत अशी की त्याच्या महिनाभर आधीच, मे २०२३ मध्ये, "ऑल इंडिया रेडिओ" हे नाव सोडून सगळीकडे "आकाशवाणी" म्हणायचं, असा आदेश निघाला होता. आपण बायाबापड्या तर केव्हापासून आकाशवाणीच म्हणतोय. नाव आपल्या भाषेत आलं आणि बातम्यांचं बिऱ्हाड हलायला निघालं!

आता कुणी म्हणेल, एक वृत्तविभाग इकडून तिकडे गेला तर काय बिघडलं? मराठी बातम्या मराठीतच येणार ना? इथेच खरी गोम आहे. वर्तमानपत्र बंद पडलं तर दुसरं निघतं, टीव्हीच्या वाहिन्या तर डझनावारी आहेत. रेडिओचं तसं नाही. आपल्या देशात खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. द्यायच्याच तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. सामुदायिक रेडिओलाही हाच नियम. खाजगी केंद्रांना तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सप्टेंबर २०२३ मध्ये केली. पण शिफारस आणि परवानगी यांत किती अंतर असतं ते सांगायला नको. तेव्हा रेडिओवरच्या बातमीचा मक्ता एकट्या आकाशवाणीकडे आहे. ज्याच्याकडे मक्ता, त्याने दुकान आवरतं घेतलं तर गिऱ्हाइकाने जायचं कुठे?

आता वर काय चाललंय तेही बघू. प्रसार भारती हे महामंडळ २३ नोव्हेंबर १९९७ ला सुरू झालं, सरकारपासून मोकळं राहावं म्हणून. या घराचा कर्ता, म्हणजे अध्यक्ष, फेब्रुवारी २०२० मध्ये निवृत्त झाला. पुढचा अध्यक्ष कधी आला? मार्च २०२४ मध्ये. चार वर्षं खुर्ची रिकामी! नवनीत सेहगल आले, आणि तेही डिसेंबर २०२५ मध्ये राजीनामा देऊन गेले. मधल्या काळात, २०२२ साली, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचं पदही काही महिने अतिरिक्त कारभारावर होतं. दिल्लीत ही तऱ्हा, तर बीड, यवतमाळ, धुळे, सातारा असल्या केंद्रांकडे कोण बघणार? एका अधिकाऱ्याकडे दोन-तीन केंद्रांचा कारभार, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

पैसा नाही म्हणून हे होतंय, असंही नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या यंत्रणेसाठी २,५३९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिच्यातून देशातल्या ८० टक्के लोकांपर्यंत एफएम पोहोचवायचं ठरलं. चांगलीच गोष्ट आहे, एफएमचा आवाज स्वच्छ असतो. (डोंगराआडच्या गावात तो पोहोचत नाही आणि जुना मिडियम वेव्ह पोहोचायचा, हे घाटातल्या नि कोकणातल्या बायकांना विचारा.) पण हा पैसा मनोऱ्यांसाठी, यंत्रांसाठी. माईकसमोर बसणाऱ्या माणसाचं काय? ५ ऑक्टोबर २००७ पर्यंत लागलेले कर्मचारी सरकारी नोकर म्हणून प्रतिनियुक्तीवर धरले गेले. ते आता एकेक करून निवृत्त होताहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागा भरल्या जात नाहीत. म्हणजे प्रक्षेपक नवाकोरा, आणि कार्यक्रम बाहेरगावचा. नवीन गॅस शेगडी आणून रोज डबा बाहेरून मागवण्यातलाच प्रकार हा!

मग केंद्र चालतं कुणाच्या जिवावर? हंगामी निवेदकांच्या. आणि त्यांच्यात आपल्या बायकांची संख्या मोठी आहे. माझ्या ओळखीच्या एक ताई एका जिल्हा केंद्रावर वीस वर्षं निवेदन करताहेत. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या. रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. पहाटेची ड्युटी असली की साडेचारला उठून, पाठीमागे घरचं सगळं करून जायचं. लोक बाजारात आवाजावरून ओळखतात, आणि कार्यालयाच्या लेखी त्या कर्मचारीच नाहीत. स्थानिक तास कमी झाला की पहिली ड्युटी त्यांचीच जाते. त्यासाठी कुणी कामावरून काढल्याचं पत्र देत नाही, फक्त पुढच्या महिन्याच्या तक्त्यात नाव नसतं.

आणि कात्री चालते ती बायकांच्या, मुलांच्या, शेतीच्या कार्यक्रमांवर, कारण त्यांना जाहिराती मिळत नाहीत. 'वनिता मंडळ' म्हणजे नुसत्या पाककृती नि भरतकाम, असं समजून हसणारे बरेच भेटतात. पण गर्भारपणात कुठल्या गोळ्या घ्याव्यात, नवऱ्याच्या माघारी सातबाऱ्यावर नाव कसं लावायचं, हे उंबऱ्याबाहेर न पडणाऱ्या बाईला तिच्या बोलीत कुणी सांगितलं? तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना, तलाठ्याला केंद्रावर बोलावून विचारणारी बाई तिथे होती म्हणून ते घडलं. मुंबईहून लावलेल्या कार्यक्रमात आपल्या तालुक्याच्या डॉक्टरीणबाई कशा येणार?

स्थानिक केंद्र मनावर घेतलं तर काय करू शकतं, ते २०२० च्या टाळेबंदीत नागपूरने दाखवलं. शाळा बंद, घरोघरी मोठे मोबाइल नाहीत, तेव्हा 'प्रथम' संस्थेबरोबर नागपूर केंद्राने 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू केला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतली खेड्यापाड्यांतली मुलं रेडिओपुढे बसून शिकली. हे दिल्लीतून सुचलं नसतं.

"आता मोबाइलवर सगळं मिळतं" हे उत्तर तयारच असतं. आकाशवाणीची केंद्रं 'न्यूज ऑन एअर' ॲपवर ऐकता येतात, हे खरं. पण ॲपवरही केंद्राने स्वतःचं काही बोललं तरच ऐकायचं ना? शिवाय घरातला मोठा फोन बहुतेक वेळा मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात असतो. भांडी घासताना, निवडटिपण करताना बाईच्या सोबतीला असतो तो रेडिओच.

काही ठिकाणी बायकांनी आपली वाट काढलीही आहे. साताऱ्याकडे म्हसवडला 'माणदेशी तरंग' वाहिनी २००८ पासून बायकांच्या पुढाकाराने चालू आहे. त्याच वर्षी तेलंगणातल्या (तेव्हाच्या आंध्रातल्या) माचनूर गावी दलित शेतकरी बायकांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. पण असा रेडिओ ऐकू जातो दहा-पंधरा किलोमीटर. जाहिरातींचा वेळ २०२४ मध्ये तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटं झाला, तरी गावातला किराणा दुकानदार जाहिरात देऊन देणार किती? आणि बातम्यांना तर बंदीच. जिल्हा केंद्राची जागा हे रेडिओ घेऊ शकत नाहीत, नि त्यांच्यावर तो भार टाकूही नये.

आमच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. निवेदन द्यायचं तर नेमकं काय मागायचं? आपल्या केंद्राचे स्वतःचे तास किती, हेच कुणाला माहीत नव्हतं. म्हणून माहितीच्या अधिकारात तीन प्रश्न विचारायचे ठरवलं: गेल्या पाच वर्षांत स्थानिक कार्यक्रमांचे रोजचे तास किती होते, मंजूर पदं किती नि भरलेली किती, आणि महिलांच्या कार्यक्रमाला आठवड्याला किती मिनिटं. प्रसार भारतीला हा कायदा लागू आहे. अर्ज गटाच्या नावाने चालत नाही, एका व्यक्तीच्या नावाने द्यावा लागतो. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची, आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नको. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवं. आमचा अर्ज गेल्या सोमवारी रजिस्टरने गेलाय. तुमच्या जिल्ह्यात कुणी असाच अर्ज टाकला तर उत्तराची एक प्रत मला जरूर पाठवा. चार जिल्ह्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडता आले तर मग निवेदन लिहायला बसू.