तास तोच, पगार वेगळा

माझे आप्पा पोफळीच्या वीजगृहात ऑपरेटर होते. कोयनेचा पहिला टप्पा इथे १९६२ साली सुरू झाला. डोंगर पोखरून आत जनित्रं बसवली आणि वर घाटाच्या पायथ्याला वसाहत उभी राहिली. त्या वसाहतीत कोणाचा पगार किती, हे लपून राहत नसे. वीज मंडळात पदाला वेतनश्रेणी ठरलेली होती. ऑपरेटर पोफळीचा असो, कोराडीचा असो की भुसावळचा, श्रेणी एकच. पगारवाढीचा करार झाला की कोणाला किती फरक मिळणार याचे हिशेब संध्याकाळी ओट्यावर बसून उघडपणे व्हायचे. आप्पांच्या पाळीला सोबत असलेला माणूस विदर्भातला होता, त्याच्या जागी पुढे एक जण कोल्हापूरचा आला. पाळी तीच होती, म्हणून पगारही तोच होता. यात काही विशेष आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

मी इंग्रजी घेऊन एम.ए. झाले, बी.एड. केलं आणि शिक्षिका झाले. तेव्हापासून आजपर्यंत मला या व्यवसायात ती साधी गोष्ट कुठे सापडलेली नाही. परदेशात नाही, आणि आपल्याकडे तर नाहीच.

आधी परदेशाचं सांगते. कोविडच्या आधी काही वर्षं मी थायलंडमध्ये एका प्रांतातल्या सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होते. नेमणूक एजन्सीमार्फत झाली होती. माझ्या करारावर महिना २२ हजार बाट होते. शेजारच्या वर्गावर इंग्लंडहून आलेला एक तरुण होता, त्याला ३५ हजार. फिलिपीन्सची एक शिक्षिका होती, पंधरा वर्षांचा अनुभव असलेली. तिला माझ्याहूनही कमी, १८ हजार. आम्ही तिघं सकाळी आठला झेंड्यासमोर एकाच रांगेत उभे राहत होतो. तास सारखे, पुस्तक तेच, एका वर्गात चाळीसच्या वर मुलं. त्या तरुणाची पदवी कुठल्या तरी वेगळ्याच विषयातली होती आणि शिकवण्याचं त्याचं शिक्षण म्हणजे १२० तासांचं एक प्रमाणपत्र. मुलगा सालस होता, मन लावून शिकवायचा. त्याच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. त्याचे पाठ काढून द्यायला आम्ही दोघी बसायचो आणि तो पहिल्या दिवसापासून मोकळेपणाने म्हणायचा की हे बरोबर नाही.

तिथे शिक्षक भरतीच्या जाहिरातींत सरळ दोन रकाने असतात: इंग्रजी मातृभाषा असलेले आणि नसलेले. पहिल्या रकान्यात देश ठरलेले: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. बाकी सगळं जग दुसऱ्या रकान्यात. आम्हाला टोइक किंवा आयईएल्टीएसचे गुण दाखवावे लागतात, पहिल्या रकान्यातल्यांना ते लागत नाहीत. म्हणजे परीक्षा ज्याने दिली त्याला पगार कमी, आणि ज्याला परीक्षाच नाही त्याला जास्त. दक्षिण कोरियाने परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसासाठी इंग्रजीपुरते हेच सात देश धरले आहेत. २०१० साली लागू झालेल्या भारताशी व्यापार करारानंतर भारतीय शिक्षकांना तिथल्या शाळांत जायला वाट मिळाली, पण साहाय्यक शिक्षक म्हणून.

कोणी म्हणेल, हा बाजार आहे, पालकांना जे हवं तेच शाळा देणार. पण हे सगळं नुसत्या बाजाराने घडवलेलं नाही. थायलंडच्या इमिग्रेशन खात्याकडे कंपन्यांतल्या परदेशी नोकरदारांचा व्हिसा वाढवण्यासाठी किमान पगाराचा तक्ता आहे, आणि तो कामानुसार नसून राष्ट्रीयत्वानुसार आहे. पश्चिम युरोप, अमेरिका, जपान यांच्या नागरिकाला महिना ५० हजार बाट, भारतासारख्या आशियाई देशांतल्याला ३५ हजार, म्यानमार किंवा कंबोडियाच्या माणसाला २५ हजार. शाळांतल्या शिक्षकांना हा तक्ता लागू नाही, पण सरकारी कागदावरच माणसाची किंमत पासपोर्टच्या रंगावरून छापलेली असेल, तर एजन्सीवाल्याने वेगळं का वागावं?

दुसरी वाट असते, हे जपानने दाखवलं आहे. तिथे १९८७ पासून सरकारचा जेट नावाचा कार्यक्रम चालतो, देशोदेशींचे तरुण शाळांत इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून जातात. पहिल्या वर्षाचा पगार अनेक वर्षं ३३ लाख ६० हजार येन होता, माणूस कुठल्याही देशाचा असो. रक्कम जाहीर, अर्ज करण्याआधीच कळणारी. मात्र त्याच जपानमध्ये अनेक नगरपालिका खासगी कंपन्यांमार्फत शिक्षक घेतात आणि तेच काम करणाऱ्या या शिक्षकांच्या हातात पुष्कळ कमी पडतं. पगार कोण ठरवतो आणि तो उघडपणे ठरवतो की नाही, सगळा फरक तिथे पडतो.

थायलंडमधल्या आमच्या करारात आणखी एक गोम होती, जी आमच्यापैकी बहुतेकींना उशिरा कळली. करार दहा महिन्यांचा. मार्च ते मेच्या मध्यापर्यंतच्या मोठ्या सुट्टीचा पगार नाही. मे महिन्यात नवा करार मिळेल की नाही हे एप्रिलमध्ये कोणी सांगत नाही, पण खोलीचं भाडं मात्र एप्रिलमध्येही द्यावं लागतं.

तरी मी राहिले. का, हे सांगणं महत्त्वाचं आहे. २२ हजार बाट म्हणजे तेव्हाच्या दराने पन्नास हजार रुपयांच्या आसपास. इकडे रत्नागिरी जिल्ह्यात माध्यमिक शाळेवर शिक्षण सेवक म्हणून लागले असते, तर मानधन होतं आठ हजार रुपये. आणि तेही लागले असते तर. २०१२ पासून राज्यात शिक्षक भरती जवळजवळ थांबलेलीच होती. परदेशात आपल्याला कमी देतात हे दिसत असतं, पण घरी त्याहून कितीतरी कमी मिळणार हेही ठाऊक असतं, म्हणून तोंड उघडत नाही. एजन्सीवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. फिलिपीन्सच्या त्या बाईंचंही हेच होतं. आमचा भाव बँकॉकमध्ये ठरत नव्हता. माझा इथे चिपळूण तालुक्यात ठरला होता, त्यांचा त्यांच्या गावी.

आपल्याकडे शिक्षकाला मानधनावर राबवणं कधी सुरू झालं, ते साल ध्यानात ठेवण्यासारखं आहे. २००० साली महाराष्ट्राने पहिलीपासून इंग्रजी सक्तीचं केलं. खेड्यातल्या मराठी शाळेत इंग्रजी अक्षरं पहिलीतच गिरवली जाऊ लागली. माझ्या मते तो निर्णय चांगला होता, आमच्यासारख्या गावांतल्या मुलांना त्याचा फायदा झाला. पण त्याच साली शिक्षण सेवक योजनाही आली: तीन वर्षं मानधनावर काम, प्राथमिकला महिना तीन हजार रुपये. म्हणजे शाळेत इंग्रजीची मागणी वाढवायची आणि ती शिकवणाऱ्या नव्या माणसाचा पगार त्याच वर्षी खाली आणायचा, असं एकाच सरकारने केलं. पुढे प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिकचं हे मानधन अनुक्रमे सहा, आठ आणि नऊ हजारांवर गेलं आणि तिथेच वर्षानुवर्षं अडकलं. उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर २०२३ साली ते १६, १८ आणि २० हजार झालं. त्याच वर्षी रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षक घ्यायचा निर्णय झाला, मानधन २० हजार. सेवा पूर्ण केलेल्या माणसाला निवृत्तिवेतन असतंच, ते वीस हजार त्याला वरचे. इथे डी.एड. होऊन घरी बसलेल्या पोरापोरींकडे तेव्हा कोणी बघितलं नाही, याचा राग आमच्या भागात आजही आहे.

परत आल्यापासून मी एका वरिष्ठ महाविद्यालयात घड्याळी तासिकेवर इंग्रजी शिकवते. रोज पोफळीहून एस.टी.ने जाते. शिरगाव, अलोरे, खेर्डी, मग चिपळूण. आमच्या विभागात पूर्णवेळ प्राध्यापक आहेत आणि मी आहे. अभ्यासक्रम अर्धा-अर्धा वाटलेला. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे साहाय्यक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७ हजार ७०० आहे, भत्ते वेगळे. मला घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. दिवाळीच्या सुट्टीचे नाहीत, परीक्षेच्या काळातले नाहीत, उन्हाळ्याचे नाहीत, आणि पावसाने वाशिष्ठी चढली म्हणून कॉलेज बंद राहिलं तर त्या दिवसाचेही नाहीत. उत्तरपत्रिका मात्र सगळ्यांच्या बरोबरीने तपासायच्या. बिलं सहामाहीला वर जातात आणि पैसे कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला तासाला दीड हजार, महिन्याला जास्तीत जास्त ५० हजार द्यावेत असं सांगितलं होतं. तो आकडा आमच्या बिलापर्यंत कधी पोचला नाही.

त्यातल्या त्यात सर्वांत वाईट अवस्था विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळांतल्या बायांची आहे. चिपळूणपासून घाटमाथ्यापर्यंत अशा शाळा पिवळ्या बसगाड्या घेऊन वाडीवाडीवर फिरतात. पालक पोटाला चिमटा काढून फी भरतात, कारण पोराला इंग्रजी आलं पाहिजे. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण अशाच एका शाळेत आहे. तिचा पगार मी इथे लिहिणार नाही, तिच्या नोकरीवर येईल. एवढंच सांगते की बँकेत जमा होणाऱ्या रकमेतला काही भाग तिला दर महिन्याला रोखीने परत नेऊन द्यावा लागतो. कागदावर १९७७ चा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा पाळला जातो, वेतनश्रेणी दिसते, सही असते. ती म्हणते, “तू निदान परदेशात जाऊन फसलीस गं, मी घरातून चालत जाऊन फसते.”

टप्प्याटप्प्याने अनुदान मिळणाऱ्या शाळांचंही तेच आहे. शाळा २० टक्के अनुदानावर आली की शिक्षकाला पगाराचे २० टक्के मिळतात. पण तो शिकवतो शंभर टक्के. आझाद मैदानात पावसात बसलेले शिक्षक आपण बातम्यांत बघतो ते यासाठी बसलेले असतात.

या सगळ्यावर न्यायालयांनी काही म्हटलेलं नाही असंही नाही. २०१६ साली पंजाबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी साहाय्यक प्राध्यापकांना, ज्यांना ३० हजारांवर राबवलं जात होतं, त्यांना श्रेणीचं किमान वेतन द्या असा निकाल दिला, आणि समारंभात गुरुब्रह्मा म्हणून भागत नाही, हेही ऐकवलं. पण निकाल त्या त्या अर्जदारांपुरता राहतो. तासातासाच्या पैशांचा हिशेब करणारी बाई दिल्लीपर्यंत कशी जाणार?

बाहेर जाणाऱ्यांबद्दल एक गोष्ट सरकारच्या हातात आहे. दहावी न झालेला कामगार थायलंडला किंवा आखातात जातो तेव्हा त्याला उत्प्रवासाची परवानगी लागते, त्याचा करार सरकारी कार्यालयात बघितला जातो. पदवीधर शिक्षकाला अशी तपासणी लागत नाही. आम्ही शिकलेले, आम्हाला कळतं, असा त्यामागचा समज आहे. मला करारातली दहा महिन्यांची अट कळली नव्हती, आणि मी इंग्रजीची एम.ए. आहे. कारण मूळ करार थाई भाषेत होता आणि इंग्रजी प्रतीत ती ओळ नव्हतीच. शिक्षक पाठवणाऱ्या एजन्सीला पगार, महिने, सुट्टीचे पैसे आणि कापून घेतलेलं कमिशन हे चार आकडे लिहून द्यायला भाग पाडणं अवघड नाही. आज कोकणातून मालदीव, ओमान, थायलंडला जायला निघालेल्या पोरींना ते आकडे विमानात बसण्याआधी मिळाले पाहिजेत.

आणि घरच्यासाठी माझी मागणी याहून मोठी नाही. तासिकेवरच्या शिक्षकाला जूनमध्ये वर्षाचं पत्र द्या, बारा महिन्यांचं ठरलेलं वेतन द्या, ते महिन्याच्या महिन्याला द्या, आणि ते त्याच कामाच्या श्रेणीच्या किमान पायरीवरचं असू द्या. शिवाय प्रत्येक शाळेने आणि कॉलेजाने कुठल्या नेमणुकीला किती पगार, हे सूचना फलकावर लावावं. पोफळीच्या वसाहतीत जे सगळ्यांना ठाऊक असायचं, ते शाळेत गुपित ठेवण्याचं काहीच कारण नाही.

पालकांकडूनही मला काही हवं आहे. प्रवेशाच्या वेळी तुम्ही फी विचारता, बस विचारता, गणवेश कुठल्या दुकानात मिळेल ते विचारता. या जूनमध्ये आणखी एक विचारा: माझ्या मुलीला इंग्रजी शिकवणाऱ्या बाईंना महिन्याला किती मिळतात, आणि त्यातले परत किती द्यावे लागतात? एकट्याने विचारलं तर उत्तर मिळणार नाही. दहा पालक मिळून जा, आणि उत्तर लेखी मागा.