गोळी चालू, तरी हाड मोडलं

आगरदांड्याहून एक बहीण लिहितात: "अम्मी दोन वर्षं हाडांची आठवड्याची गोळी घेतात. तरी दिघीच्या बोटीत चढताना पडून मनगट मोडलं. आता कळशी उचलताना मणका. औषध बदलावं का?"

बहीण, उपचारात दोनदा हाड मोडलं की डॉक्टर औषध बदलण्याचा विचार करतात. पण आधी पाहा: गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबतच घेतात ना? पुढे अर्धा तास खाणं, चहा, आडवं होणं नको. रमजानमध्येही सहरीच्या अर्धा तास आधी घ्यावी. ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉईड तपासून घ्या.

त्यानंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड, सहा महिन्यांनी डेनोसुमॅब किंवा रोज टेरिपॅराटाईड, अशी इंजेक्शनं आहेत. डेनोसुमॅब मात्र मनानं थांबवू नका. मणके पुन्हा मोडू शकतात.