तेरावा तालुका कुठून आला?

"काय गं, गडचिरोलीत तेरावा तालुका कुठून आणला तू?"

डेस्कवरच्या दादांनी विचारलं आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिले. वन्यप्राण्यांमुळे झालेल्या पीक नुकसानीची तालुकावार यादी होती. गडचिरोलीत तालुके १२, माझ्या तक्त्यात १३. एका ओळीत 'देसाईगंज', दुसरीत 'वडसा'. दोन्ही एकच, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. पण नुकसान दोन ओळींत वाटलं गेलं होतं. छापून आलं असतं, तर तिथल्या शेतकऱ्यांचं नुकसान आहे त्यापेक्षा कमी दिसलं असतं.

कोड मी एक्सएसएलटीत लिहिला होता. एक्सएमएलमधली माहिती उचलून तिला तक्त्याचं किंवा वेब पानाचं रूप द्यायचं, हे या भाषेचं काम. माझी फाइल एकच, नऊशे ओळींची. 'वडसा म्हणजे देसाईगंज' हा नियम मी चार ठिकाणी कॉपी-पेस्ट केला आणि पाचव्या ठिकाणी विसरले.

म्हणून सांगते मित्रांनो, मोठा प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये कोंबू नका. आपल्या वनखात्याकडे बघा. जंगल एकच, पण वनरक्षकाकडे बीट, वनपालाकडे राऊंड, आरएफओकडे रेंज. वणवा लागला तर पहिला फोन कुणाला, हे ठरलेलं असतं. कोडमध्येही तसंच हवं. आता माझ्या चार फाइली आहेत: गाव-तालुक्यांच्या नावांची एक, तारखा आणि आकड्यांची एक, तक्त्याच्या मांडणीची एक आणि या तिघींना बोलावणारी छोटी मुख्य फाइल. नाव चुकलं की कुठे बघायचं, ते शोधावं लागत नाही.

फाइल बोलावण्याचे दोन मार्ग आहेत आणि इथेच बरेच जण अडखळतात. 'इन्क्लूड' केलं की ती फाइल जणू तिथेच लिहिली आहे असं धरलं जातं. दोन्हीकडे एकाच नावाचा टेम्प्लेट असेल तर एरर. 'इम्पोर्ट' केलं तर बोलावणाऱ्या फाइलचा शब्द वरचढ ठरतो. याचा उपयोग काय? गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणजे १९८१ च्या जनगणनेत तो चंद्रपूरमध्येच. मग जुन्या आकड्यांसाठी वेगळी फाइल करायची, सामायिक नियम इम्पोर्ट करायचे आणि फक्त जिल्ह्याचा नियम बदलायचा. बाकीच्या कोडला हात लावायची गरज नाही. २०१७ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत तर 'पॅकेज' आहेत. आपल्या कोडमधलं काय इतरांनी वापरायचं आणि काय आतच ठेवायचं, हे त्यात ठरवून देता येतं.

"एवढ्याशा कामासाठी कशाला फोल्डर?" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पन्नास ओळींचं काम असेल तर एकच फाइल ठेवा, उगाच तुकडे करू नका. पण एकच नियम दुसऱ्यांदा कॉपी करायला बोट गेलं, की थांबा. त्या नियमाला स्वतःची फाइल द्यायची वेळ झाली.

खरी अडचण आपल्या कॉलेजांतही आहे. प्रोजेक्टमध्ये आउटपुट दिसलं की मार्क मिळतात. फाइल उघडून कोण बघतं? माझं मत स्पष्ट आहे. व्हायवात एक प्रश्न हवाच: "उद्या एका तालुक्याचं नाव बदललं, तर किती ठिकाणी हात लावशील?" उत्तर 'एका' असेल तरच पूर्ण मार्क द्या. शिवाय प्रोजेक्ट पुढच्या बॅचला सोपवा. त्यांना तुम्हाला फोन न करता तो चालवता आला, तरच तो पूर्ण झाला असं समजा.

माझी दुरुस्ती आता एका ओळीची झाली आहे. गडचिरोलीत पुन्हा १२ तालुके आहेत. तुमच्या फाइलमध्ये किती आहेत, आजच मोजून बघा.