फी मात्र याच विश्वात?

राहात्यात पेरूचा भाव पडला की बागवाला म्हणतो, नशीब! त्याच्या पोराच्या मोबाइलवरचं रील त्याच नशिबाला 'क्वांटम' म्हणतं. एका समांतर विश्वात तू परीक्षा पास झालायस, फक्त मन तिकडे 'शिफ्ट' कर. क्वांटम कॉम्प्युटरने हे सिद्धच केलंय!

नाही केलेलं.

डिसेंबर २०२४मध्ये गूगलने १०५ क्यूबिटची 'विलो' चिप जाहीर केली. महासंगणकाला एकावर २५ शून्यं इतकी वर्षं लागतील असं काम तिने पाच मिनिटांच्या आत केलं, हा दावा. त्याच घोषणेत हार्टमुट नेवेन यांनी जोडून दिलं की, यामुळे अनेक विश्वांच्या कल्पनेला बळ मिळतं.

वेगावरून विश्वं मोजता येत नाहीत. ह्यू एव्हरेटने १९५७मध्ये मांडलेली ही कल्पना गंभीर आहे, थट्टेची नाही. पण विलोवर काय दिसेल हे कोपनहेगनवालेही त्याच गणिताने तेच सांगतात. मग साक्ष कुणाच्या बाजूची?

शेततळ्यात दोन खडे टाका. लाटा भेटतात तिथे पाणी कुठे जास्त उसळतं, कुठे सपाट होतं. क्वांटम कॉम्प्युटरची करामत हीच: चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना खोडतील, बरोबर उत्तराची उसळेल अशी मांडणी करायची. ती ठरावीक प्रश्नांनाच जमते. आणि शेवटी मोजलं की हाती एकच उत्तर येतं.

मराठीला समांतर विश्व नवं नाही. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतले प्राध्यापक अशा जगात पोचतात, जिथे मराठे १७६१ची लढाई जिंकलेत. स्वप्नच की! पण तिथे त्यांना स्वतःचा मुलगा सापडत नाही. सभेत अध्यक्षांशिवाय चाललेलं व्यासपीठ बघून ते बोलायला जातात, तर लोक टोमॅटो आणि अंडी फेकतात. एव्हरेटच्या गणितात तर तेवढीही सोय नाही. तिथे फांदी निवडता येत नाही, उडीही मारता येत नाही.

१ जून २०१७ला शेतकरी संपावर गेले, ती हाक याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याची होती. दुसऱ्या विश्वात कर्ज फिटलं असेल, भाव मिळाला असेल, असं म्हणून ते घरी बसले नाहीत.

तेव्हा 'शिफ्टिंग'चा कोर्स विकणाऱ्याला एवढंच विचारा: विश्वं जर अगणित आहेत, तर फी मात्र याच विश्वात का घेतोस?