जेवलीस का?

नोकरी पुण्यात, घर नगरला. (जिल्हा 2024 पासून अहिल्यानगर झालाय, पण तोंडातून अजून ‘नगर’च निघतं!) सोमवारी पहाटेची एसटी, शुक्रवारी रात्री परत. मधले चार दिवस माझं बाबापण मोबाइलवर चालतं.

आमचा रोजचा कॉल असा:

‘जेवलीस का?’

‘हो.’

‘अभ्यास झाला?’

‘हो.’

की फोन आईच्या हातात आणि मॅडम पसार. एकूण दीड मिनिट. ऑफिसातलं स्टेटस अपडेटसुद्धा याहून रंगतं, राव!

मध्यंतरी बायकोला तिच्या दप्तराच्या तळाशी गणिताचा पेपर सापडला. 20 पैकी 6. आठवडाभर लपवलेला. म्हणजे आठवडाभर मी ‘अभ्यास झाला?’ विचारत होतो आणि ती ‘हो’ म्हणत होती. मार्कांचं सोडा हो, पण नऊ वर्षांची पोर आपल्याला घाबरते? त्या रात्री झोप लागली नाही.

शनिवारी ओरडलो नाही. तिला घेऊन भुईकोट किल्ल्यात गेलो. 1942 ते 1945 पंडित नेहरू इथे कैदेत होते, 1944 मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ त्यांनी इथेच लिहिलं, वगैरे माहिती मी गाइडच्या थाटात दिली. त्यांची खोली बघून कन्येचा प्रश्न एकच, ‘मग त्यांच्या मुलीशी कोण बोलायचं?’

घरी येऊन तिला त्याच्या आधीची गोष्ट सांगितली. 1928 चा उन्हाळा. दहा वर्षांची इंदिरा मसुरीला, वडील अलाहाबादला. त्यांनी तिला पत्रं लिहिली, ती पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं आली. पृथ्वी कशी झाली, माणूस बोलायला कसा लागला, गुळगुळीत गोट्यावरून त्याचा प्रवास कसा ओळखायचा, असं सगळं त्यात होतं. पत्रांनी बापाची उणीव भरून निघते असं मी म्हणणार नाही. पण सांगता सांगता माझीच ट्यूब पेटली. ते लेकीला सांगत होते. मी नुसती हजेरी घेत होतो.

सोमवारी फोनवर आधी मीच सुरुवात केली. ‘आज बॉसची बोलणी खाल्ली. एक्सेलमध्ये बेरीज चुकली.’

पलीकडे शांतता. मग, ‘बाबा, तुझी पण चुकते?’

‘चुकते की.’

‘मग तू काय केलंस?’

‘सांगून टाकलं. मग दोघांनी बसून दुरुस्त केली.’

त्यावर ती काहीच बोलली नाही. बुधवारी मात्र हळूच म्हणाली, ‘बाबा, मला भागाकार कळतच नाही.’ त्या रात्री आम्ही फोनवर बारा लाडू तिघांत वाटले, मग तेरा वाटले आणि उरलेल्या एकावरून भांडलो.

‘क्वालिटी टाइम’साठी रिसॉर्टचं बुकिंग लागत नाही, दोस्तहो. रोजची दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. विचारण्याआधी आपलं काहीतरी सांगा, आपली फजिती असेल तर उत्तमच. पोरगं चूक कबूल करेल तेव्हा पहिलं वाक्य रागाचं नको. आणि उपदेश? तो सुट्टीवर पाठवा.

गणितात परवा 20 पैकी 11 मिळाले. पेपर या वेळी तिनेच कॅमेऱ्यासमोर धरला. फोन ठेवताना म्हणाली, ‘बाबा, तू जेवलास का?’