मुलांचा लॅपटॉप : प्रणाली बदलण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्या दिवशी कोणाचाही संगणक बंद पडला नाही. पेढीवरची बिले छापली गेली, मुलांचा गृहपाठही झाला. मात्र सुरक्षेच्या दुरुस्त्या येणे थांबले की अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे दिवसेंदिवस जोखमीचे होत जाते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि साधारणतः २०१८ पूर्वीचे बरेच संगणक तिच्या अटींत बसत नाहीत. त्यामुळे अनेक घरांत नव्या लॅपटॉपचा विषय निघाला आहे. नुकत्याच दहावी झालेल्या मुलाने वा मुलीने त्याच वेळी आणखी एक प्रश्न पुढे ठेवला आहे: नवाच घ्यायचा, तर मॅक का नको?

हा प्रश्न हट्ट म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम १ चिप बसवलेले पहिले मॅक बाजारात आणले. तेव्हापासून या लॅपटॉपची बॅटरी कॉलेजचा दिवस सहज निभावते आणि मॅकबुक एअरमध्ये पंखाच नसल्याने ते आवाजही करीत नाही. एम ४ चिपचे मॅकबुक एअर मार्च २०२५ मध्ये भारतात ९९,९०० रुपयांपासून विक्रीस आले. विद्यार्थ्यांसाठीची किंमत त्याहून कमी असते. घरातील वडीलधारे आकडा ऐकून दचकतात, मुले टिकाऊपणाचा दाखला देतात आणि चर्चा किमतीपाशीच अडून राहते. प्रणाली बदलण्याचा मोठा खर्च मात्र त्या आकड्यात दिसत नाही. जे जे नव्या यंत्रावर चालणार नाही, त्यात तो दडलेला असतो आणि बहुधा पैसे भरून झाल्यावरच तो कळतो.

जयसिंगपूर, बार्शी किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात पेढी असलेले एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. मुलगी अकरावी वाणिज्य शाखेत आहे, पुढे सीए करण्याचा विचार आहे आणि सुटीत ती पेढीच्या हिशेबाला हातभार लावते. लाल वह्यांतील रोजकीर्द आणि खतावणी आता टॅलीत गेली आहे. दिवाळीच्या वहीपूजनाला पाटावर वह्यांशेजारी लॅपटॉपही ठेवला जातो. हे टॅली विंडोजसाठी लिहिलेले आहे. मॅकसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती नाही. मॅकवर ते चालवायचे तर पॅरेलल्ससारखे सॉफ्टवेअर विकत घेऊन त्याच्या आत विंडोज बसवावे लागते किंवा दूरच्या संगणकावर टॅली ठेवून इंटरनेटवरून वापरावे लागते. दोन्ही मार्गांना वेगळे पैसे पडतात.

गोष्ट टॅलीपाशी संपत नाही. एक्सेल मॅकवर आहे, पण त्यातील पॉवर पिव्हट ही सोय तेथे नाही. ॲक्सेस नाही, पॉवर बीआय डेस्कटॉपही नाही. लेखापरीक्षणाच्या कार्यालयात उमेदवारी करताना याच गोष्टी रोज हाताखाली येतात आणि त्या कार्यालयांतील संगणक बहुतेक विंडोजचेच असतात. डिजिटल स्वाक्षरीचे जे यूएसबी टोकन पेढीवर वापरले जाते, त्याचा ड्रायव्हर मॅकसाठी मिळतो का आणि नीट चालतो का, हे टोकन देणाऱ्याकडून आधी विचारून घ्यावे लागते. अशा विद्यार्थिनीसाठी सोळा जीबी मेमरी आणि एसएसडी असलेला मध्यम किमतीचा विंडोज लॅपटॉप हीच शहाणपणाची खरेदी होय. उरलेली रक्कम तिच्या शिकवणीला आणि पुस्तकांना उपयोगी पडेल.

अभ्यासक्रम बदलला की उत्तरही बदलते. आयफोनसाठी ॲप तयार करण्याचे एक्सकोड हे साधन केवळ मॅकवर चालते; चित्रपट-संकलनाचे फायनल कट प्रो आणि संगीताचे लॉजिक प्रो हेही विंडोजवर चालत नाहीत. त्या वाटेने जाणाऱ्या मुलाला विंडोज घेऊन देणे ही काटकसर ठरत नाही. उलट यंत्र-अभियांत्रिकीतील सॉलिडवर्क्स आणि वास्तुरचनेतील रेव्हिट यांच्या मॅक आवृत्त्या नाहीत. ऑटोकॅडची आहे, पण एक सॉफ्टवेअर चालते म्हणून सगळीच चालतील असे समजणाऱ्यांची फसगत येथेच होते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉन आहे. ते कोठेही चालते. आणि आठवी-नववीच्या मुलाला कोणत्याही एका प्रणालीवाचून अडेल, असे शाळेत बहुधा काहीच नसते. त्या वयाला महागड्या यंत्राचे प्रयोजन शोधूनही सापडत नाही.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी शाळेला किंवा कॉलेजला दोन-तीन गोष्टी विचाराव्यात: कोणकोणती सॉफ्टवेअर लागतील, प्रात्यक्षिक परीक्षा कोणत्या प्रणालीवर होते आणि संस्थेच्या ई-मेलवर ऑफिससारखी साधने विनामूल्य मिळतात का. शेवटची सोय असतानाही वेगळी रक्कम मोजणारी घरे पुष्कळ आहेत.

घरातल्या वाटणीविषयीही एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. मुलाला त्याच्या पसंतीचे यंत्र आणि मुलीला पेढीवरून निघालेले जुने, असा हिशेब काही घरांत अजून होतो. तो अभ्यासक्रम पाहून केलेला नसतो. वास्तुरचना शिकणाऱ्या मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर रेव्हिट उघडायलाच काही मिनिटे लागतात, आणि शेजारी भावाच्या नव्या यंत्रावर क्रिकेटचा सामना चालतो. यात पैसा वाचला असे कोणता व्यापारी म्हणेल?

जुने यंत्र नात्यात फिरते तेव्हा आणखी एक सावधगिरी बाळगावी. मुंबईच्या काकांकडील मॅक अर्ध्या किमतीत मिळतो म्हणून घेतला जातो, पण त्यात इंटेलचा प्रोसेसर आहे की ॲपलची चिप, हे कोणी विचारीत नाही. इंटेलच्या मॅकसाठी २०२५ ची टाहो ही शेवटची मोठी आवृत्ती राहील, असे ॲपलने जाहीर केले आहे. जो मालाच्या पुडक्यावरची तारीख पाहिल्याशिवाय दुकानात माल ठेवीत नाही, त्याने येथेही तारीख पाहिलीच पाहिजे. क्रोमबुकला तर अशी तारीख कंपनीनेच ठरवून दिलेली असते. २०२१ पासूनच्या नमुन्यांना दहा वर्षे अद्यतने मिळतात, परंतु ही दहा वर्षे तो नमुना बाजारात आल्यापासून मोजतात, बिलाच्या दिवसापासून नव्हे. क्रोमबुकवर विंडोजची सॉफ्टवेअर बसत नाहीत. शाळेचे सर्व काम गुगलच्या साधनांवर चालत असेल, तरच ते पुरेसे आहे.

प्रणाली न बदलताही बदलते, असेही आता घडू लागले आहे. जून २०२४ पासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर आले. खोक्यावर विंडोज ११ लिहिलेले असते, पडदाही तोच दिसतो. पण आतील प्रोसेसर एआरएम जातीचा असतो. सामान्य सॉफ्टवेअर त्यावर चालतात, मात्र इंटेलच्या यंत्रासाठी लिहिलेले ड्रायव्हर चालत नाहीत. पेढीवरचा जुना बिल-प्रिंटर किंवा स्वाक्षरीचे टोकन तेथे अडू शकते. विक्रेत्याने नुसते ‘विंडोजच आहे’ म्हटल्याने समाधान मानू नये.

विंडोज ११ न बसणाऱ्या जुन्या संगणकाला भंगारात काढण्याची मात्र घाई नको. त्यावर लिनक्स बसवता येते आणि लिबरऑफिससह ते विनामूल्य आहे. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी@स्कूल उपक्रमातून सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. काइट या नावाने ते काम आजही चालू आहे. धाकट्या भावंडाला टंकलेखन आणि पायथॉन शिकण्यास असे यंत्र पुरेसे आहे.

आता मराठीचा प्रश्न, जो खरेदीच्या वेळी कोणाच्याच ध्यानात येत नाही. पेढीवरची पत्रे, संघाची परिपत्रके, लग्नपत्रिकांचे मसुदे, आजोबांनी टंकून घेतलेली घराण्याची वंशावळ हे सारे अनेक घरांत श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव अशा जुन्या फाँटांत आहे. या फाँटांत अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. ज्या यंत्रावर तो फाँट नाही, तेथे फाइल उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण मुलीला ते कसे कळावे? तिला वाटते की फाइल बिघडली, आणि ती पुसून टाकते. वंशावळ अशाच रीतीने नाहीशी होते.

उपाय अवघड नाही, पण तो जुने यंत्र हाताशी असतानाच करावा लागतो. महत्त्वाच्या मराठी फाइल परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणाव्यात, जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत आणि प्रत्येकीची एक पीडीएफ प्रतही ठेवावी. देवनागरी युनिकोडमध्ये पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून आहे. त्यात लिहिलेला मजकूर विंडोज, मॅक, लिनक्स आणि भ्रमणध्वनी सर्वत्र सारखाच वाचता येतो. त्याच वर्षी भारतीय मानकात आलेला इन्स्क्रिप्ट कळफलकही या सर्व प्रणालींत उपलब्ध आहे. मुलांना मराठी टंकलेखन शिकवायचेच असेल, तर इन्स्क्रिप्ट शिकवावे. पुढे कितीही यंत्रे बदलली तरी बोटांची सवय बदलावी लागत नाही.

फाइल नेण्याच्या साधनातही एक खोच आहे. विंडोजवर वापरलेली बाहेरची डिस्क बहुधा एनटीएफएस पद्धतीची असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. एक्सफॅट पद्धतीने तयार केलेली डिस्क दोन्हीकडे चालते. मात्र तशी तयार करताना आतील सर्व माहिती पुसली जाते, म्हणून ती आधी अन्यत्र उतरवावी. मेमरीच्या बाबतीत तर नंतर विचार करू म्हणण्याची सोयच नाही. मॅकची मेमरी मागाहून वाढवता येत नाही, पुष्कळ सडपातळ विंडोज लॅपटॉपचीही नाही. पाच वर्षांचा विचार करून ती पहिल्याच दिवशी घ्यावी लागते.

बिलाविषयी एक गोष्ट कर-सल्लागार सांगतातच, तरी ती पुन्हा सांगण्यासारखी आहे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि बिल पेढीच्या नावावर करून त्याची वजावट घेण्याचा मोह होतो. खाजगी वापराच्या वस्तूवर अशी वजावट जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) अन्वये मिळत नाही. मुलाच्या शिक्षणाचा लॅपटॉप मुलाच्या वा पालकाच्या नावावर घ्यावा. पेढीचा संगणक पेढीच्या नावावर.

राहिली वेळ. जानेवारी-फेब्रुवारीत प्रकल्प आणि प्रात्यक्षिके तोंडावर असताना प्रणाली बदलू नये. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड कळ आली एवढ्यानेही पहिले काही दिवस हात चुकतो. परीक्षा संपल्यावरचा मे महिना याला उत्तम. नवे यंत्र आले तरी जुने निदान दोन महिने तसेच ठेवावे, विकू नये आणि पुसूही नये. जून-जुलैत कॉलेजचे पहिले काम नव्या यंत्रावर पार पडले आणि जुन्यातली एकही फाइल शोधावी लागली नाही, की मगच ते दुसऱ्याच्या हाती द्यावे.