उत्पादकतेचा हिशेब आणि कामगाराचे वजन

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत वेतनकराराची बोलणी सुरू झाली की व्यवस्थापनाच्या तोंडी एक शब्द हमखास येतो : उत्पादकता. ‘आधी उत्पादकता वाढवा, मग पगारवाढ मागा.’ कामगार प्रतिनिधी येथे गप्प होतात, कारण हिशेबाचा कागद समोरच्याने तयार केलेला असतो. आमचे म्हणणे असे, की हा कागद कामगारांनी स्वतः वाचायला शिकले पाहिजे. तो इतका अवघड नाही.

श्रमाची उत्पादकता म्हणजे उत्पादन भागिले श्रम. प्रश्न एवढाच, की श्रम मोजायचे माणसांत की तासांत? राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम ठेवले, पण जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली. आता समजा, १०० कामगार ८ तासांत २,००० सुटे भाग करतात. माणशी २०, तासाला अडीच. तेच कामगार १२ तास राबून २,८०० भाग करतात. माणशी २८! उत्पादकता ४० टक्क्यांनी वाढली, असे साहेब सांगतील. तासाचा हिशेब मांडा. तो अडीचवरून २.३३ वर घसरला आहे. शरीर थकले, हे तासाचा आकडा सांगतो आणि माणशी आकडा लपवतो.

व्यवस्थापनाचे दुसरे उत्तर ठरलेले असते : ‘वाढ नव्या यंत्राने झाली, तुमच्याने नव्हे.’ येथे बहुघटक उत्पादकतेचा हिशेब येतो. रॉबर्ट सोलो यांनी १९५७ साली रूढ केलेल्या या रीतीत उत्पादनाच्या वाढीतून श्रम व भांडवल यांच्या वाढीचा वाटा वजा करतात. उरते ती तंत्र, कौशल्य आणि कामाच्या व्यवस्थेची कमाई. समजा उत्पादन १० टक्क्यांनी वाढले, श्रमाचे तास २ टक्क्यांनी आणि भांडवल १४ टक्क्यांनी. श्रमाला ४० आणि भांडवलाला ६० टक्के वजन दिले तर बाकी उरते फक्त ०.८ टक्के. वजने उलटी केली तर तीच बाकी ३.२ टक्के होते. कारखाना तोच, माल तोच!

मग हे वजन ठरवतो कोण? उत्पन्नातून मजुरीपोटी जेवढा वाटा जातो, तेच श्रमाचे वजन धरले जाते. सारी मेख येथे आहे. ज्याला कमी मजुरी दिली, त्याचे श्रम हिशेबात हलके ठरतात. आणि हलके ठरले म्हणून पुन्हा मजुरी कमी. देशातील कारखान्यांत दर १० कामगारांपैकी सुमारे ४ कंत्राटी आहेत. त्यांची मजुरी अनेकदा ठेकेदाराच्या बिलातून सेवाखर्चात जाते आणि पगारखर्चात दिसतच नाही. या कंत्राटी रांगेत कोणत्या वस्त्यांतली माणसे उभी आहेत, हे आमच्या वाचकांना सांगावे लागत नाही. जातीने ज्याच्या श्रमाची किंमत पाडली, त्याचे वजन गणितानेही कमीच धरले!

उत्पादनाचे घटक एकत्र पाहण्याचा विचार आम्हाला परका नाही. शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरील १९१८ च्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले होते, की जमीन किफायतशीर आहे की नाही हे केवळ तिच्या आकारावरून ठरत नाही. तिच्यावर लावलेले भांडवल आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते. शेतीवरच्या जादा हातांना काम देण्यासाठी त्यांनी औद्योगिकीकरणाचा उपाय सांगितला. पण उद्योग हवा म्हणजे माणसाला पिळून हवा, असे त्यांनी मानले नाही. ते मजूर खात्याचे मंत्री असताना १९४६ च्या कारखाना दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणला.

म्हणून उत्पादकतेशी जोडलेल्या करारावर सही करण्यापूर्वी संघटनांनी चार आकडे लेखी मागावेत : कंत्राटींसह सर्वांचे एकूण तास, गुंतवलेले भांडवल, खर्च वजा जाता निर्माण झालेले मूल्य, आणि ठेकेदाराच्या बिलासह मजुरीचा त्यातील वाटा. मागील कराराच्या वेळचे हेच आकडे शेजारी ठेवावेत. तासामागचे मूल्य वाढले आणि मजुरीचा वाटा घटला असेल, तर ती वाढ कोणाच्या खिशात गेली हे विचारण्यासाठी वकील लागत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. यापुढे बोलणी अधिक कठीण होतील. रिकाम्या हाताने बैठकीला जाऊ नका. पगारचिठ्ठी, हजेरीपट आणि हा हिशेब सोबत न्या.